राजाचा कोट फाटलाच पाहिजे

आमच्या घरात कुठलीच गोष्ट एकदम पक्की होत नाही. आधी तिला कच्चा टाका पडतो.

सासरे टेलर. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. खाली दुकान, वर घर आणि मधे एक अरुंद जिना. मास्तरांची पद्धत अशी, की कापड आधी लांब लांब पांढऱ्या टाक्यांनी नुसतं जोडायचं, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं आणि म्हणायचं, "हात वर करा. खाली बसा. आता बायकोशी भांडताय असं समजून दोन्ही हात हलवा." कुठे काचतंय, कुठे ओघळतंय ते दिसलं, की मगच मशीन. हा नियम ते माणसांनाही लावतात. माझं लग्न ठरायच्या आधी मला पुन्हा पुन्हा जेवायला बोलावत होते. शेवटी एकदा ताटावरून उठताना म्हणाले, "खांद्यात बसतेय. घ्या मशीनवर." माझ्या बाळाचं नावसुद्धा अजून कच्च्या टाक्यावर आहे. मास्तर खालून नवीन नावाने हाक मारतात, वर बाळ वळून बघत नाही, की ते नाव उसवलं. तोवर आम्ही त्याला बाळच म्हणतो, आणि त्याची काही तक्रार नाही.

तर, गुंडीचं काय करायचं, हा प्रश्न आला तेव्हा तो कुठल्या वाटेने जाणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

गुंडी म्हणजे माझी नणंद. रांगत असताना तिने दुकानातली एक गुंडी गिळली होती. सगळं घर श्वास रोखून बसलं, आणि ती गुंडी यथावकाश आपल्या वाटेने बाहेर आली. मास्तरांनी ती धुऊन परत डब्यात टाकली. कुणाच्या तरी शर्टावर ती आजही असेल. पोरीला मात्र तेव्हापासून हेच नाव.

यंदा शाळा संपली आणि गुंडीपुढे एकदम दोन दारं उघडली. एक कॉलेजचं. कापडशास्त्र, तीन वर्षं, पूर्ण वेळ, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दुसरं दार शहरातल्या नाटकघराचं, तेही मागचं. तिथे कपडे सांभाळणाऱ्या बाईंना हाताखाली मुलगी हवी होती. दोन्हीकडून निरोप एकच: येत्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी येणार असलीस तर ये, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.

कापायच्या टेबलावरच आम्ही जेवतो. त्यामुळे आमच्या घरातले सगळे वाद खडूच्या रेघांवर होतात.

"कॉलेज," सासूबाईंनी सुरुवात केली. "यात बोलण्यासारखं काही नाही. कॉलेजात बाक असतात. बाकाला पाठ असते. मी तुझ्याएवढी असल्यापासून स्टुलावर बसून काजं करतेय. माझ्या मुलीला तीन वर्षं पाठ टेकायला मिळू दे."

"बाकाला पाठ असते म्हणून कोण कॉलेजात जातं गं आई?" माझा नवरा म्हणाला. तो भूगर्भशास्त्र शिकलाय आणि न्हाणीघराच्या फरशा विकतो. "मी गेलो ना? तीन वर्षं दगड ओळखायला शिकलो. आता गिऱ्हाईक एवढंच विचारतं, पाय घसरणार नाही ना? गुंडे, सरळ काम धर. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी ते जवळून पाहिलेत, फोडूनसुद्धा पाहिलेत."

"पण बाकावर बसलास ना?" सासूबाई म्हणाल्या.

"बसलो."

"मग! म्हणूनच पाठ सरळ आहे तुझी."

गंमत अशी, की आमच्याकडे जो शिकला तो शिकू नको म्हणतो आणि जिने काम केलं ती काम करू नको म्हणते. गुंडी दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि तिच्या मांडीवर बसून बाळही बघत होतं.

"वहिनी, तू बोल की काहीतरी."

"माझ्या मताला सध्या किंमत नाही," मी म्हटलं. "मला जिथे झोपायला मिळेल ते बरोबर वाटतं. त्या हिशोबाने कॉलेज."

"मला दोन्ही हवंय," गुंडी हळूच म्हणाली. "तेच तर आहे ना. एक घेतलं की दुसरं गेलं. आणि चुकीचं घेतलं तर? एकदा कापलं की कापलं."

हे ऐकून मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"कापायला कोण सांगतंय?" ते म्हणाले. "अजून दोन आठवडे आहेत. कच्चा टाका घाल. एक आठवडा हे अंगावर घाल, एक आठवडा ते. हात वर करून बघ. बसून बघ."

नशिबाने दोन्हीकडे ते जमलं. कॉलेजने नव्या मुलांना वर्ग पाहायला आठवडाभर दारं उघडी ठेवली होती, आणि नाटकघरातल्या बाईंनाही मुलगी आधी पारखूनच घ्यायची होती.

पहिला आठवडा कॉलेजचा. गुंडी रोज संध्याकाळी घरी आली की आम्ही जिन्यावरच तिला घेरायचो.

"काय शिकलीस?"

"आज झोपले," पहिल्या दिवशी ती म्हणाली. "कापसाच्या तंतूच्या पोटात काय असतं यावर बोलत होते. पोटात काहीच नसतं. पोकळ असतं. तेवढ्याला अख्खी सकाळ."

"पाठ टेकून झोपलीस ना?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

पण दोन दिवसांनी ती आली ती जेवायचंच विसरून. डबा तसाच परत. तिथे म्हणे एक यंत्र आहे. दोन चिमट्यांमध्ये धागा पकडतं आणि ओढत जातं, ओढत जातं, आणि धागा तुटला की किती ताणाला तुटला ते सांगतं. गुंडीने मशीनचा, सुताचा, गोधडीचा, जो मिळेल तो दोरा तोडून पाहिला. शेवटी एक केससुद्धा तोडून पाहिला.

"तुझा?"

"सरांचा. त्यांना फार नाहीयेत, तरी दिला बिचाऱ्यांनी."

"आणि पोरं कशी आहेत?"

"सुई दिली तर टोचून घेतील. पण धाग्याबद्दल असं बोलतात, जणू तो त्यांच्या आत्याकडचा आहे. कुठे राहतो, काय खातो, का रुसतो." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण तो धागा कुणी घालत नाही, वहिनी. तोडतात आणि केराच्या डब्यात टाकतात. माणूस कुठेच नाही त्यात."

दुसऱ्या आठवड्यात माणसंच माणसं.

नाटकघराचा मागचा भाग मी आधी कधी पाहिला नव्हता. गुंडीला डबा द्यायला बाळाला कडेवर घेऊन गेले, आणि पाहतच राहिले. कोट, झगे, वर्दी, बुरखे. एका खुंटीवर चार वाघ. नवा कोरा कोट टेबलावर पसरून गुंडी त्याची कोपरं खरकागदाने घासत होती. शेजारच्या पिंपात दुसरा कोट चहाच्या पाण्यात बुडालेला.

"हा काय प्रकार?"

"भिकाऱ्याचा आहे. जुना दिसायला हवा. वहिनी, बाबांना सांगू नको हं. नवा कोट घासते म्हटलं तर त्यांच्या छातीत दुखेल."

आतून कपडेबाई आल्या. लांबट चेहरा, आणि ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या. सगळं बोलणं त्या टाचण्यांच्या आडूनच चालतं. "पोरगी चांगली आहे," त्यांनी मला सांगितलं. "हात टेलरचा आहे. टीप अशी सरळ मारते, की तिच्यावरून मुंगीसुद्धा रांगेत चालेल." मग बाळाकडे बघून म्हणाल्या, "ह्याला पाठवा पुढच्या नाटकात. राजपुत्र हवाय, आणि बोलायचं काही नाही."

गुंडीचा चेहरा असा खुलला होता, की मी मनात म्हटलं, झालं. हे बसलं अंगावर. सासूबाईंना कसं सांगायचं तेवढं आता बघायला हवं.

आणि मग बुधवारचा खेळ झाला.

त्या नाटकात एक राजा आहे. शेवटी तो भर दरबारात म्हणतो, "हे घे तुझं राज्य!" आणि अंगावरचा लाल मखमली कोट पुढून धरून एका झटक्यात ओढतो. कोट पाठीतून उभा फाटतो, दोन तुकडे दोन्हीकडे उडतात आणि आत दिसतात कैद्याच्या चिंध्या. अख्खं नाटक त्या क्षणासाठी. त्यामुळे पाठीतली शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, ओढली की सुटेल अशी. प्रत्येक खेळानंतर ती नव्याने घालायची.

बुधवारी कपडेबाई दुसरीकडे अडकल्या होत्या. तो कोट गुंडीच्या हाती आला. तिने उलटापालटा करून पाहिला, आणि तिला काय दिसलं? पाठीतली शिवण लटलटतेय. टेलरची मुलगी ती. तिच्या डोळ्यांना हे बघवेना. बिचारी मनाशी म्हणाली, भर प्रयोगात राजाची अब्रू जायची! आणि कुणी न सांगता, फार चांगल्या मनाने, तिने त्या पाठीवर दुहेरी टीप मारली. वर दोन्ही टोकांना उलटी टीप मारून गाठही दिली.

पुढचं सगळं तिने आम्हाला जिन्यातच बसून सांगितलं.

"राजा म्हणाला, हे घे तुझं राज्य. आणि ओढलं. काहीच नाही. परत म्हणाला, हे घे. ओढलं. त्याच्या कपाळाची शीर फुगली. प्रधान मदतीला धावला. ते तर नाटकात नव्हतंच. दोघांनी ओढलं. मी पडद्याआडून बघतेय, वहिनी, आणि माझी टीप... माझी टीप जरासुद्धा हलली नाही."

खाली मशीनपाशी मास्तर मान घालून दोरा ओवत होते. पण हे वाक्य ऐकताना त्यांची मान किंचित ताठ झाली, ती मी पाहिली.

"मग?"

"मग राजा खाली बसला आणि लोकांकडे बघून म्हणाला, सुटत नाही रे हे राज्य! अंगालाच चिकटलंय!"

माझा नवरा हसत सुटला. मीही. बाळ काही न कळता आमच्याहून जोरात.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या," गुंडी रडवेली होऊन म्हणाली. "त्यांना वाटलं तसंच आहे."

"अगं, मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं दादा! कपडेबाईंनी तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढल्या. एकेक करून. आणि म्हणाल्या, चुकून आलेल्या टाळ्या आपल्या नसतात. तुझी टीप तूच उसव. आणि रविवारच्या शेवटच्या खेळाला कोट फाटलाच पाहिजे. नाही फाटला तर मी तुला फाडीन."

"कच्ची घाल की शिवण, मग झालं," सासूबाई म्हणाल्या.

"किती कच्ची पण? फार कच्ची घातली तर सिंहासनावर बसतानाच फाटेल. मी विचारलं बाईंना. त्या म्हणाल्या, अंदाज लागतो. दर नव्या नाटकाला एकदोन कोट वाया घालवायचे, मग हाताला कळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाळाला निजवून जरा आडवी झाले होते, तर बाहेर धप्प आवाज झाला. मग गडगड, गडगड, गडगड, जिन्यावरून. मग खालून पुरुषी किंकाळी.

बाहेर आले तर दाराच्या कडीला लाल मखमलीच्या पट्ट्या टांगलेल्या. प्रत्येक पट्टीच्या मधे शिवण, खाली पिशवी. गुंडी पिशवीत एकेक बटाटा टाकत होती. शिवण फाटली की पिशवी खाली, आणि बटाटे जिन्यावरून दुकानात. दुकानात एक गृहस्थ पँट बघायला एका पायावर उभे होते. बटाटा त्यांच्या दुसऱ्या पायाखाली गेला.

"कच्चा टाका सुटला," मास्तर त्यांना धरून उभं करत शांतपणे सांगत होते. "बरं झालं, आत्ताच कळलं."

बाळ उठलंच होतं. त्याच्या छोट्या आयुष्यात इतकं सुंदर काही घडलं नव्हतं. प्रत्येक धप्पला ते दोन्ही हात वर करायचं. शनिवारपर्यंत हेच चाललं. टाके लांब, टाके आखूड, जाड दोरा, बारीक दोरा. सासूबाई ठेचकाळलेल्या बटाट्यांची रोज भाजी करत होत्या आणि आम्ही मुकाट्याने खात होतो.

शनिवारी संध्याकाळी गुंडी पायरीवर डोकं धरून बसली होती. मी बाळाला तिच्या मांडीत ठेवलं. तिच्यासाठी मला तेवढंच करता येतं.

"नाही का फाटत?"

"फाटतं गं. उद्याचं जमेल असं वाटतंय. पण बटाट्याचं काय माप, वहिनी! एक बाबांच्या मुठीएवढा, एक ह्याच्या मुठीएवढा." तिने बाळाची मूठ उघडली, आत खरंच एक चिमुकला बटाटा होता. "काल जी शिवण फाटली तीच आज धरून बसते. दमट हवेने का? दोरा वेगळ्या रिळाचा म्हणून? की मखमलच आडवी कापलीय? काहीच कळत नाही. नुसतं फाटतंय, नाहीतर नाही फाटत."

ती हे इतक्या चिडून बोलली, की मी तिच्याकडे नीट पाहिलं. शिंक अडल्यासारखा चेहरा होता. बाळ दात येताना असंच करतं. आत काहीतरी वर येत असतं, आणि त्याला सांगता येत नाही.

रविवारी दुपारी आम्ही सगळे नाटकाला. सासूबाईंनी खुर्चीला पाठ टेकून बघितली आणि मान हलवली. मास्तर गळ्यातली टेप काढायला विसरले होते. तिचं एक टोक बाळाच्या तोंडात होतं. नाटक काय चाललंय इकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. आम्ही फक्त त्या लाल पाठीकडे बघत होतो. राजा सिंहासनावर बसला, तेव्हा आमची अख्खी रांग पुढे झुकली. शिवण राहिली. राजाने राणीला मिठी मारली. शिवण राहिली.

"फार पक्की झाली वाटतं," नवरा पुटपुटला.

"गप रे," सासूबाई म्हणाल्या.

राजा पुढे आला. त्याच्या कपाळावर बुधवार अजून दिसत होता. त्याने कोट दोन्ही हातांनी धरला, एक क्षण डोळे मिटले.

"हे घे... तुझं राज्य!"

चर्रर्र!

काय आवाज होता तो! उभा, स्वच्छ, मानेपासून कमरेपर्यंत. दोन लाल तुकडे दोन्हीकडे उडाले. सभागृहात चिडीचूप शांतता. आणि त्या शांततेत मास्तर, ज्यांनी उभं आयुष्य तो आवाज आपल्या कपड्यातून येऊ नये म्हणून वेचलं, ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि ओरडले, "फाटला! माझ्या पोरीनं शिवलेला फाटला!"

सगळे लोक मागे वळून बघू लागले. राजानेही पाहिलं. मग बाळाने टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी.

खेळ संपल्यावर आम्ही मागे गेलो. कपडेबाई कोटाचे तुकडे गोळा करत होत्या. टाचण्या ओठांत जागच्या जागी होत्या.

"उद्या दहाला ये," त्यांनी गुंडीला सांगितलं. "नव्या नाटकाचे कपडे सुरू करायचेत. त्यात रेशमी झगा फाटायचाय."

नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. जिंकलो, असा त्याचा चेहरा. सासूबाई दुसरीकडे बघू लागल्या.

गुंडी मात्र तिथेच उभी. हातातला लाल तुकडा उलटसुलट करत.

"बाई, हा का फाटला?"

"म्हणजे? तू तसा शिवलास म्हणून फाटला. छान फाटला."

"हो, पण बटाट्यांवर बघून शिवला होता. का फाटला ते मला ठाऊक नाही. रेशमाचं परत सगळं पहिल्यापासून."

"मग करायचं पहिल्यापासून. अनुभव म्हणतात त्याला."

"तुमचा आहे तो. मला..." तिचा आवाज बारीक झाला. "मला फाटायच्या आधी कळायला हवंय. मी कॉलेजला जाते, बाई."

तेव्हा कपडेबाईंनी टाचण्या काढल्या. एक, मग दुसरी. मी बाळाला घट्ट धरलं.

"नीट ऐक. जागा मी रिकामी ठेवणार नाही. मंगळवारी दुसरी मुलगी येईल. तीही चांगली असेल. नाटक कुणासाठी थांबत नाही."

"माहीत आहे."

"तीन वर्षांनी तुला हे सगळं पोरखेळ वाटेल."

"वाटेल कदाचित. मला नाही वाटत, वाटेल असं."

कपडेबाईंच्या टाचण्या परत ओठांत गेल्या. त्यांनी कात्री घेतली, कोटाची फाटलेली कड कापली, आणि त्याच शिवणीच्या उरलेल्या दोऱ्याचं रीळ त्यात गुंडाळून तिच्या हातावर ठेवलं.

"त्या तुझ्या यंत्रात घाल आणि किती ताण लागतो ते येऊन मला सांग. मला अंदाज आहे. बघू कोणाचं बरोबर येतं." मग पाठ फिरवून म्हणाल्या, "आणि सुट्टीत कोट चहात बुडवायला ये. त्याला शिक्षण लागत नाही."

परतीच्या वाटेवर गुंडी बाळाला खांद्यावर घेऊन पुढे चालत होती. पाठमोरी होती तरी रडतेय हे कळत होतं, कारण बाळ तिच्या गालावर बोट फिरवून ते चाखून बघत होतं.

मी तिला गाठलं.

"चुकलं का गं वहिनी? किती आवडायचं मला तिथे."

"मला काय माहीत?" मी म्हटलं. खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही. "आवडायचं म्हणूनच रडतेस. न आवडणारं सोडताना कोण रडतं?"

मागून मास्तर आले. आपल्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "खांद्यात बसतंय?"

"बसतंय, बाबा," गुंडी नाक ओढत म्हणाली. "काखेत जरा काचतंय."

"ते काचतंच आधी. आत मार्जिन सोडलंय ना?"

"सोडलंय."

"मग घे मशीनवर."

"मला तेव्हाच वाटलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "बाकाची गोष्टच वेगळी." नवरा म्हणाला, आपलं कुणी ऐकत नाही, आपण दगडांशीच बोलावं. आणि आम्ही घरी येऊन बटाटे सोडून दुसरं काहीतरी खाल्लं.

सोमवारी सकाळी गुंडी निघाली. मास्तरांनी नवा सदरा शिवला होता, आकाशी, दोन खिशांचा. खिडकीत मी बाळाला घेऊन उभी. ती दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, तेव्हा मला दिसलं: घाईत मास्तरांच्या नजरेतून सुटलेला एक लांब पांढरा कच्चा दोरा तिच्या पाठीवर, उजव्या बाहीच्या जोडापाशी, वाऱ्यावर हलतोय.

मी हाक मारायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात खालून मास्तरांनी बाळाला एका नव्याच नावाने हाक मारली, आणि बाळाने चक्क मान वळवली. मी बाळाकडे बघत राहिले. परत खिडकीबाहेर पाहिलं, तर गुंडी कोपऱ्यावर पोचली होती.

म्हटलं, राहू दे. कॉलेजातल्या त्या मुलांपैकी कुणीतरी विचारेलच, हा धागा कुठला. तिला निदान तेवढं तरी सांगता येईल.